आल्प्सच्या बर्फात पहिला आठवडा : वाचकांचे प्रश्न

युरोपातील हिवाळी सहलींविषयी यंदा गोव्यातून बरीच पत्रे आली. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी पाचांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे पाच जण नाताळच्या सुट्टीत आल्प्समध्ये जाऊन स्कीइंग शिकण्याचा विचार करत आहोत. आमच्यापैकी कोणीही आजवर बर्फ पाहिलेला नाही. फ्रान्समधील ‘त्रुआ व्हॅले’ येथे ६०० किलोमीटरचे उतार आहेत आणि स्वित्झर्लंडमधील झरमॅटला सुमारे ३६०, असे वाचनात आले. तेव्हा फ्रान्सच निवडावे का? सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना न्यावे की नाही?

उत्तर : किलोमीटरचा आकडा आपण सर्वांत आधी बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कूर्शवेल, मेरिबेल, ले मेनुईर, व्हाल तोराँ इत्यादी गावांचे उतार लिफ्टांनी, म्हणजे माणसांना डोंगरावर वाहून नेणाऱ्या यंत्रांनी, एकमेकांना जोडून त्रुआ व्हॅले हा प्रदेश तयार झाला आहे. तो खरोखर अफाट आहे आणि ज्याला स्कीइंग येते त्याला तेथे आठवडा पुरत नाही. परंतु आपल्या घरात अजून कोणी पायाला स्की बांधलेली नाही. पहिले दोन-तीन दिवस आपण सर्व जण ज्या जागेवर असाल ती एखाद्या शाळेच्या मैदानाएवढी असेल. तिच्या एका कडेला उभ्या माणसाला वर नेणारा सरकता पट्टा असतो, ज्याला तिकडे ‘मॅजिक कार्पेट’ म्हणतात, आणि दुसऱ्या कडेने खाली येण्याचा अगदी सौम्य उतार असतो. तेथे स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून, नांगराच्या फाळासारखा आकार करून थांबायला शिकवतात. थांबता येणे हाच पहिल्या आठवड्याचा खरा अभ्यास असतो. शनिवार येईपर्यंत मुले निळ्या खुणेच्या सोप्या उतारांवरून मजेत येऊ लागतील आणि आपण दोघे त्यांच्या मागोमाग जपून उतराल. त्यापुढच्या लाल आणि काळ्या खुणांचे उतार अनुक्रमे मध्यम व कठीण असतात. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी सर्वांत सोपा असा हिरवा उतार असतो, तर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियामध्ये सुरुवातच निळ्यापासून होते. सांगायचा मुद्दा एवढाच की ६०० किलोमीटरांपैकी पाच-सहा किलोमीटरच आपल्या वाट्याला येतील. त्रुआ व्हॅलेच्या संपूर्ण प्रदेशाचा सहा दिवसांचा प्रौढांचा पास ४०० युरोंच्या आसपास पडतो. तो सुरुवातीलाच घेणे म्हणजे त्या न वापरलेल्या किलोमीटरांचे पैसे भरणे होय. बहुतेक मोठ्या केंद्रांत नवशिक्यांसाठी मोजक्या लिफ्टांचा स्वस्त पास मिळतो. तो घ्यावा आणि वाचलेले पैसे शिकवणीवर खर्च करावेत.

मग निवड कशावरून करावी? राहण्याच्या जागेपासून नवशिक्यांच्या उतारापर्यंतचे अंतर किती आहे, यावरून. अकरा वर्षांपूर्वी मी कुटुंबासह पहिल्यांदा गेलो, तेव्हा ‘लिफ्टपासून ४०० मीटर’ असे वाचून एक घर घेतले होते. आकडा खरा होता, पण ते ४०० मीटर चढाचे होते आणि सकाळी त्या वाटेवर काचेसारखा पातळ बर्फ गोठलेला असे. स्कीचे बूट टणक प्लास्टिकचे असतात आणि घोट्यात वाकत नाहीत, त्यामुळे टाच आधी टेकवून एकेक पाऊल टाकावे लागते. एका खांद्यावर माझ्या स्की आणि दुसऱ्या खांद्यावर सात वर्षांच्या मुलीच्या, असे आम्ही रोज निघत असू. वर्ग सुरू होण्याआधीच तिचे पाय दुखू लागत आणि डोळ्यांत पाणी येई. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, मला बर्फ आवडतो, पण तिथपर्यंतचा रस्ता नको.” त्यानंतर घर ठरवताना मी अंतर विचारतोच, शिवाय चढ किती आणि पायऱ्या किती हेही लेखी विचारतो. आपणही विचारावे. स्की आणि बूट रात्री लिफ्टजवळच ठेवण्यासाठी भाड्याचे कपाट मिळत असेल, तर ते अवश्य घ्यावे.

सासूबाईंना अवश्य न्यावे, आणि त्या येणार असतील तर माझे मत झरमॅटच्या बाजूने आहे. झरमॅट महाग आहे आणि नाताळात अधिकच, हे आधी मान्य करतो. तरीही त्याला दोन सबळ कारणे आहेत. पहिले असे की झुरिक किंवा जिनिव्हाच्या विमानतळावरून थेट आगगाडीने जाता येते. फिस्प स्थानकावर गाडी बदलली की अरुंद रुळांची छोटी गाडी सुमारे तासाभरात झरमॅटला पोहोचवते. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना प्रवेश नाही, त्या पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवाव्या लागतात. बर्फाळ घाटरस्त्यावर चाकांना साखळ्या बांधण्याची वेळ आपल्यावर येत नाही. अनमोड घाटात पावसाळ्यात गाडी चालवण्याचा अनुभव तिथे उपयोगी पडत नाही. दुसरे कारण असे की स्कीइंग न करणाऱ्या माणसाचा दिवस तेथे रिकामा जात नाही. १८९८ मध्ये सुरू झालेली गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १,६०० मीटरांवरील गावातून ३,०८९ मीटरांवर साधारण ३३ मिनिटांत नेते, आणि ४,४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर त्या वाटेवर खिडकीतून दिसत राहते. मुलांचा नवशिक्यांचा उतार सुनेगा येथे २,२८८ मीटरांवर आहे. तेथे डोंगराच्या पोटातील बोगद्यातून जाणारी रज्जुरेल्वे काही मिनिटांत पोहोचवते, म्हणजे सासूबाईंना चढाव न चढता वर येऊन उन्हात बसता येईल आणि नातवंडे पडता-उठताना पाहता येतील. माझ्या आईने असाच एक आठवडा काढला होता. आमच्यापेक्षा तिला तो अधिक आठवतो.

एक पथ्य मात्र पाळावे. त्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर ३,००० मीटरांवर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पहिल्या दिवशी वर जाऊ नये आणि वर गेल्यावर हळूहळू चालावे. बर्फावर चालताना त्यांच्या बुटांच्या तळाला रबराचे काटेरी पट्टे चढवावेत. ते तिकडच्या दुकानांत सहज मिळतात.

सासूबाई येणार नसतील, तर ले मेनुईर किंवा व्हाल तोराँ अधिक सोयीचे ठरेल. ही गावे स्कीइंगसाठीच वसवलेली असल्यामुळे घराच्या दारातून उतारावर जाता येते. मात्र व्हाल तोराँ २,३०० मीटरांवर आहे आणि पहिल्या दोन रात्री कोणाकोणाला तिथे शांत झोप लागत नाही. नाताळात, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला, खालच्या गावांत बर्फ पुरेसा असेलच असे नाही. म्हणून त्या आठवड्यासाठी उंचावरचेच ठिकाण घ्यावे.

सुट्टीच्या तारखांविषयी स्पष्ट सांगतो. नाताळ आणि नववर्ष यांमधला आठवडा वर्षातला सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचा असतो. शाळेने परवानगी दिल्यास जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा घ्यावा. तेव्हा युरोपातील बहुतेक शाळा सुरू झालेल्या असतात, घरे बऱ्याच कमी दरात मिळतात आणि शिक्षकाच्या वाट्याला विद्यार्थी कमी येतात. फ्रान्समध्ये घरे सहसा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, हे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे. मे महिन्याच्या सुट्टीत जावे का, असेही काही वाचकांनी विचारले आहे. झरमॅट आणि ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स येथे हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालते हे खरे, परंतु उन्हाळ्यातले ते उतार मुख्यतः सराव करणाऱ्या खेळाडूंचे असतात, नवशिक्या मुलांचे नव्हेत.

शिकवणीचे वर्ग घर ठरवतानाच नोंदवावेत आणि मुलांचा वर्ग इंग्रजीतून हवा असल्याचे लेखी कळवावे, अन्यथा आठ वर्षांचा मुलगा फ्रेंच किंवा जर्मन बोलणाऱ्या घोळक्यात एकटा पडतो. आईवडिलांनी मुलांना स्वतः शिकवू नये. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट तेथेच भाड्याने घ्यावेत. बुटांत पातळ लोकरी मोज्यांचा एकच जोड घालावा. गोव्याहून जाणारा प्रत्येक माणूस थंडीच्या धास्तीने दोन जोड चढवतो, मग पाय आवळला जातो, रक्त नीट खेळत नाही आणि पाय अधिकच गार पडतो. अंगालगत सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. जीन्स बर्फावर मुळीच घालू नये. हातमोज्यांचा एक जादा जोड प्रत्येक मुलामागे ठेवावा, कारण चेअरलिफ्टवरून पडलेला हातमोजा परत मिळत नाही.

उन्हाविषयीही सांगणे आवश्यक वाटते, कारण आपण समुद्रकाठची माणसे उन्हाला सरावलेली असल्याचे समजतो. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण खालून पुन्हा तोंडावर फेकतो. थंडीमुळे त्वचा भाजत असल्याचे जाणवतच नाही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावावे आणि मुलांना चष्म्याशिवाय उतारावर सोडू नये. ओठांसाठी खोबरेल तेल नेणार असाल, तर ते बाटलीत नको, रुंद तोंडाच्या डबीत न्यावे. २४ अंशांखाली ते थिजते आणि आल्प्समध्ये बाटलीतून थेंबही बाहेर येत नाही.

निघण्यापूर्वी दीड महिना रोज अर्धा तास जिन्याची चढ-उतार करावी. चढण्यापेक्षा उतरताना मांड्यांवर जो ताण येतो, तोच स्कीइंगमध्ये लागतो.

प्रश्न : माझा म्हापशात भाड्याच्या गाड्यांचा व्यवसाय आहे. डिसेंबर आणि जानेवारीत मला एक दिवसही सवड नसते. मार्चमध्ये आल्प्समध्ये बर्फ असतो का?

उत्तर : असतो, आणि नवशिक्यासाठी मार्च हा माझ्या मते सर्वांत चांगला महिना आहे. हिवाळाभर साठलेला बर्फ उंचावर भरपूर असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि सकाळची बोचरी थंडी कमी झालेली असते. फ्रान्समधील फेब्रुवारीची शालेय सुट्टी प्रांतांच्या तीन विभागांना आळीपाळीने मिळते आणि ती मार्चच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळते, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे. तेव्हा उन्हाने बर्फ दुपारी मऊ आणि जड होतो. सकाळी लवकर सुरुवात करून दुपारच्या जेवणाच्या वेळेला स्कीइंग आटोपते घ्यावे, कारण जड बर्फात थकलेले गुडघे मुरगळतात. उत्तराभिमुख उतारांवर बर्फ अधिक काळ चांगला राहतो. शिगमोत्सवाच्या दिवसांत आपल्याला गाड्यांसाठी मागणी असते की नाही, तेवढे पाहून तारखा ठरवाव्यात.

प्रश्न : मी मडगावची रहिवासी आहे. माझे यजमान पोर्तुगीज नागरिक असून त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. माझा पासपोर्ट भारतीय आहे. आम्हा दोघांना फ्रान्समध्ये स्कीइंगसाठी जायचे आहे. व्हिसाचे काय?

उत्तर : आपल्या यजमानांना व्हिसाची गरज नाही. आपल्याला तो लागेल, परंतु सर्वसाधारण पर्यटक म्हणून अर्ज करण्याची चूक करू नये. युरोपीय संघाच्या नागरिकाची पत्नी त्याच्यासोबत, त्याच्या स्वतःच्या देशाव्यतिरिक्त संघाच्या दुसऱ्या देशात जात असेल, तर २००४ च्या मुक्त संचारविषयक निर्देशानुसार तिला व्हिसा निःशुल्क आणि जलद मिळण्याचा अधिकार आहे. त्यासाठी विवाहाचा पुरावा लागतो. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी पूर्वापार चालत आलेली असल्यामुळे दाखला आपल्या हाताशी असेलच. त्याची ताजी प्रत काढून घ्यावी आणि भाषांतर किंवा अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) हवे का, हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. परतीच्या प्रवासात यजमानांचे ओसीआय कार्ड हातातल्या पिशवीतच असू द्यावे.

इतर वाचकांसाठी : शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचे, शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जेथे अधिक दिवस मुक्काम आहे त्याच देशाकडे तो करावा. हिवाळ्यातील भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून चवथ आटोपली की कागदपत्रांना लागावे.

प्रश्न : आमचा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीत आहे. फेब्रुवारीत तो मित्रांसोबत ऑस्ट्रियाला जाणार असून आखलेल्या उतारांच्या बाहेर, मोकळ्या बर्फात स्कीइंग करण्याचे त्यांनी ठरवले आहे. आम्ही डिचोलीत बसून काळजी करत आहोत. विमा पुरेसा आहे का, एवढे तरी सांगावे.

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि विम्याच्या आधी दुसरी गोष्ट सांगणे मला भाग आहे. आखलेल्या उतारांवर रोज देखरेख असते आणि हिमस्खलनाचा धोका असल्यास ते बंद केले जातात. त्यांच्या बाहेर पाऊल टाकले की ती जबाबदारी स्वतःची होते. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे आणि रोज प्रत्येक प्रदेशाचे पत्रक निघते. तिसरी पायरी ऐकायला मधली वाटते, परंतु ती ‘लक्षणीय धोका’ या अर्थाची असते आणि त्याच दिवसांत पुष्कळ जीव जातात, कारण माणसे तिला मध्यम समजून बाहेर पडतात. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. बचाव पथक इतक्या लवकर पोहोचणे कठीण असते, म्हणून जवळच्या मित्रांनीच शोध घ्यावा लागतो. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे शोधयंत्र, पाठीवर फावडे आणि चाचपण्याची लांब सळई असावी, ती वापरण्याचा सराव झालेला असावा आणि सोबत स्थानिक प्रमाणित मार्गदर्शक असावा. यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर जाऊ नकोस, असे त्याला फोनवर स्पष्ट शब्दांत सांगावे. मुलगा सज्ञान आहे, त्याला कसे सांगणार, असा संकोच मनात येऊ देऊ नये.

आता विम्याविषयी. आपल्याकडून शेंगेन व्हिसासाठी घेतलेल्या पॉलिसीत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च असतो, परंतु हिवाळी क्रीडा त्यांतून अनेकदा वगळलेल्या असतात. विद्यार्थी म्हणून त्याने जर्मनीत घेतलेल्या आरोग्यविम्यातही डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च येईलच असे नाही. आपल्याला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाचा) आधार इतका सवयीचा झाला आहे की बचावाचे बिल घरी येते, ही कल्पनाच मनात येत नाही. पॉलिसीत चार गोष्टी शब्दशः लिहिलेल्या आहेत का, ते त्याला पाहायला सांगावे : स्कीइंग, आखलेल्या उताराबाहेरील स्कीइंग, शोध व बचाव, आणि दुसऱ्याला धडक दिल्यास त्याची नुकसानभरपाई. स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खालच्या, म्हणजे पुढे असलेल्या माणसाचा मार्गावर पहिला हक्क असतो, त्यामुळे मागून धडकणाऱ्यावरच सहसा दोष येतो. युरोपभर आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवावा.

प्रश्न : आम्ही काणकोणचे. फ्रान्समध्ये स्वयंपाकघर असलेले घर घेतले आहे. सोमवारी आमच्याकडे शिवराक (शाकाहारी जेवण) असते, आणि बाकीच्या दिवशी मुलांना हुमणाशिवाय (नारळ घातलेल्या मासळीच्या कालवणाशिवाय) जेवण जात नाही. येथून काय नेता येईल?

उत्तर : युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे आणि खव्याची मिठाई घरीच ठेवावी. मासळीला मात्र ती बंदी लागू नाही. स्वतःच्या वापरासाठी २० किलोपर्यंत प्रक्रिया केलेली किंवा सुकवलेली मासळी नेता येते, म्हणजे सुक्या सुंगटांची पिशवी नेण्यास हरकत नाही. ती घट्ट बंद डब्यात न्यावी आणि भाजताना खिडकी उघडी ठेवावी, कारण हिवाळ्यात त्या घरांत हवा खेळत नाही आणि वास पडद्यांत बसला तर साफसफाईचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. ताजी फळे-भाज्या वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, पण नारळ या अटीतून वगळलेल्या पाच फळांपैकी एक आहे. सोललेला एक नारळ आणि छोटी खवणी नेली तर मुलांचे हुमण होईल. भिंडां सोलें नेली तर आंबटाची सोय होते आणि ती वजनालाही हलकी असतात. तांदूळ, कांदे, बटाटे आणि मसूर तिकडच्या दुकानांत मिळतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. २,३०० मीटरांवर पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा कच्चा राहतो. सोमवारच्या वरणासाठी तीन लिटरचा कुकर सोबत न्यावा. मात्र नुसता अॅल्युमिनियमचा नको, कारण अनेक घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर तो तापत नाही. बुडाला चुंबक चिकटतो का हे पाहून स्टीलचा कुकर घ्यावा आणि त्याची शिटी व रबर वेगळ्या पिशवीत बांधून बॅगेत वरच ठेवावी.